दूरचें दान आणि जवळची मंडळी

मिरजेहून सांगलीकडे जातांना वाटेंत वानलेसवाडी नांवाची वस्ती लागते. ‘वाडी’ हा शब्द अस्सल मराठी; त्याच्या आधीं जोडलेलें नांव मात्र सातासमुद्रांपलीकडचें. सर विल्यम जेम्स वानलेस या कॅनडांत जन्मलेल्या शस्त्रवैद्याचें तें नांव आहे. मिरजेच्या मिशन इस्पितळाचे ते संस्थापक. क्षयरोग्यांसाठीं या बाजूस आरोग्यधाम उभें राहिलें आणि त्यांचें नांव त्या भूमीला चिकटलें तें कायमचें. आपल्या मुलखांत वाड्यांना नांवें मिळतात तीं कुळांवरून, देवांवरून, नाहीं तर एखाद्या कर्त्या पाटलावरून. त्या पंक्तींत एका परकीय वैद्याला पान मांडलें जावें, ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु कृतज्ञता निराळी आणि इतिहासाची चौकशी निराळी. त्या इस्पितळाच्या भिंती कोणाच्या पैशानें उभ्या राहिल्या? त्यांतला रोजचा खर्च कोणीं चालविला? आणि ज्या दूरच्या हातांनीं पहिलें दान दिलें, ते हात आखडले तेव्हां मागें काय उरलें? हे प्रश्न एकट्या इस्पितळाचे नाहींत. सातारा आणि सांगली या बाजूच्या ख्रिस्ती मंडळ्या, त्यांच्या शाळा, त्यांचीं प्रार्थनामंदिरें, त्यांचे पाळक या सर्वांच्या आयुष्याशीं ते निगडित आहेत; आणि आफ्रिकेंतील ज्या ख्रिस्ती मंडळ्या आजही युरोप-अमेरिकेंतील भाविकांच्या देणग्यांवर कांहीं अंशीं अवलंबून आहेत, त्यांच्यापुढेंही हेच प्रश्न उभे आहेत. म्हणून आपल्या दाराशीं घडलेली ही हकीकत जरा बारकाईनें पाहण्यासारखी आहे.

आरंभीं स्थळकाळाचा एक खुलासा केला पाहिजे. आज सांगली हा स्वतंत्र जिल्हा आहे. १९४९ सालीं संस्थानांच्या विलीनीकरणानंतर ‘दक्षिण सातारा’ या नांवानें तो निर्माण झाला व १९६० सालीं त्याला सांगली हें नांव मिळालें. ज्या काळाची ही कथा आहे त्या काळीं सातारा इंग्रजी अमलाखालीं होता आणि सांगली व मिरज हीं पटवर्धनांचीं संस्थानें होतीं. दोन्हीकडे अमेरिकन मिशनरी आले, पण ते दोन निरनिराळ्या मंडळांचे. साताऱ्यास बोस्टनच्या ‘अमेरिकन बोर्डा’चें मराठी मिशन, सांगली-मिरजेस प्रेसबिटेरियन पंथाचें मिशन. दोघांच्या हिशेबाच्या वह्या निराळ्या, आणि त्या वह्यांतून निघणारा बोधही थोडा निराळा.

या दानाचा उगम पाहावयाचा तर आधीं युरोपांत गेलें पाहिजे. फ्रान्समधील लिओं हें शहर रेशमाच्या मागांसाठीं प्रसिद्ध होतें. तेथील पोलीन जारिको नांवाच्या एका तरुणीनें रेशीमकाम करणाऱ्या मुलींकडून परदेशांतील धर्मकार्यासाठीं आठवड्याला एक ‘सू’ गोळा करण्यास सुरुवात केली. सू म्हणजे अगदीं क्षुद्र नाणें, आपल्याकडच्या ढब्बू पैशासारखें. दहा जणांचा एक गट. त्यांतील एकानें नऊ जणांकडून पैसे जमवावयाचे. अशा दहा गटांची मिळून शंभरी, आणि शंभरींचा मिळून हजाराचा मेळा. या साध्या युक्तीवर १८२२ सालीं कॅथॉलिक पंथाचें धर्मप्रसार-मंडळ स्थापन झालें. शंभर वर्षांनीं, १९२२ सालीं, अकरावे पायस या पोपांनीं तें रोमच्या थेट देखरेखीखालीं घेतलें. १९२६ पासून ऑक्टोबरमधील एक रविवार जगभरच्या कॅथॉलिक देवळांत याच कामाच्या वर्गणीसाठीं राखून ठेवलेला असतो. खुद्द जारिकोबाईंस २०२२ सालीं लिओं येथें धर्मसभेनें ‘धन्य’ म्हणून गौरविलें. आफ्रिकेंतील एखाद्या दूरच्या खेड्यांत धर्मशिक्षकाला जो तुटपुंजा मुशाहिरा मिळतो, मंदिरावर जे पत्रे चढतात, तरुण पुरोहितांच्या शिक्षणाचा जो खर्च चालतो, त्याच्या मुळाशीं पुष्कळदां अशीं लहान लहान नाणींच असतात.

प्रॉटेस्टंट अमेरिकेंतही याच धर्तीवर काम चाललें होतें. अमेरिकन बोर्डाची स्थापना १८१० ची; त्याचे पहिले मिशनरी गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट १८१३ सालीं मुंबईस उतरले. या बोर्डानें १८५६ सालीं पॅसिफिक महासागरांतील बेटांसाठीं ‘मॉर्निंग स्टार’ नांवाचें जहाज बांधविलें, तें रविवारच्या शाळेंतील मुलांनीं दहा दहा सेंटांचे ‘भाग’ घेऊन! स्वतःच्या खाऊच्या पैशांतून आपण जहाजाचे भागीदार झालों, या कल्पनेनें तीं मुलें किती फुशारलीं असतील याची कल्पना वाचकांनींच करावी. साताऱ्याच्या मिशनला पैसा येई तो याच बोर्डाच्या थैलींतून. श्रीमंतांच्या मोठ्या देणग्या त्या थैलींत असत, नाहीं असें नाहीं. पण शेतकरी, विधवा, शिक्षिका आणि शाळकरी पोरें यांचीं नाणीं तिच्यांत मिसळलेलीं असत, हें विसरून चालणार नाहीं. ‘मिशनचा पैसा’ हे दोन शब्द आपल्याकडे ज्या तिरस्कारानें उच्चारले जात, तो तिरस्कार निदान या देणाऱ्यांस तरी लागू पडत नाहीं.

दानाचे हे प्रकार आपल्यास परके नाहींत. आपल्याकडेही देवाधर्माचा खर्च दोन रीतींनीं चालत आला आहे. एक रीत इनामाची: राजानें किंवा सरदारानें देवस्थानास गांव लावून द्यावा, सनद करून द्यावी, आणि मग गांवकऱ्यांनीं दिलें न दिलें तरी नैवेद्य, नंदादीप व पुजाऱ्याचें पोट चालावें. दुसरी रीत माधुकरीची व मुठीची: घराघरांतून रोज मूठ मूठ बाजूला पडावी आणि तिच्यावर मठ, पाठशाळा किंवा वारकऱ्यांची पंगत उठावी. पहिल्या दानानें देऊळ चालतें. दुसऱ्यानें गांव देवळाशीं बांधला जातो. इनाम खालसा झालें कीं पुष्कळ देवस्थानांवर अवकळा येते. जेथें मूठ चालू असते तेथें सरकार कोणाचेंही आलें तरी टाळ वाजत राहतात. परदेशांतून येणारें दान हें देणाऱ्याच्या गांवीं मुठीच्या जातीचें असतें. परंतु समुद्र ओलांडून घेणाऱ्याच्या दाराशीं येतांच त्याचें रूप इनामाचें होतें. सर्व घोटाळ्याचें मूळ मला या रूपांतरांत दिसतें.

साताऱ्याचें राज्य १८४८ सालीं खालसा झालें आणि त्यानंतर लवकरच, १८४९ च्या सुमारास, अमेरिकन मिशनचें ठाणें त्या शहरांत बसलें. पुढें हेन्री ब्रूस नांवाच्या मिशनऱ्यानें तेथें एक लहानसा छापखाना चालविला व मराठी पत्रकें, पुस्तिका छापून वांटल्या. मंडळी मात्र हळूहळूच वाढली. जे ख्रिस्ती झाले त्यांची स्थिति काय होती हें समजून घेतल्याखेरीज दानाचा प्रश्न समजणार नाहीं. ब्राह्मण किंवा मराठा धर्मांतर करी तेव्हां घरचें दार त्याला बंद होई. १८५० च्या कायद्यानें धर्मांतर केलेल्याचा वारसा-हक्क कागदावर शाबूत राहिला, पण कागद कांहीं जेवावयास वाढीत नाहीं. तत्कालीन अस्पृश्य समाजांतून जो येई त्याचें गांवकीशीं जडलेलें पोट धोक्यांत येई. अशा माणसास आसरा देणें हें मिशनऱ्यांस कर्तव्यच वाटे. म्हणून कोणी शिक्षक, कोणी उपदेशक, कोणी पुस्तकविक्या, एखादी विधवा ‘बायबल-बाई’, अशा रीतीनें मंडळींतील पुष्कळ कुटुंबें मिशनच्या पगारपटावर आलीं. ‘हे पोटासाठीं ख्रिस्ती झाले’ असा टोमणा मग बाहेरच्यांनीं मारला. या टोमण्यांत अन्याय पुष्कळ आहे. कारण बहुतेकांनीं पोट गमावून नंतर पगार मिळविला होता. पण एक गोष्ट खरी कीं, ज्या मंडळींत वर्गणी देणारा व पाळकाचा पगार ठरविणारा एकच परदेशीय साहेब असतो, त्या मंडळींत घरच्या माणसालाही पाहुण्यासारखें अंग चोरून वागावें लागतें.

हा धोका परदेशीयांस दिसला नव्हता असें मात्र नाहीं. अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन हे १८५४-५५ च्या सुमारास स्वतः मराठी मुलखांत पाहणीस आले. त्यांचें मत स्पष्ट होतें: प्रत्येक देशांतील मंडळीनें स्वतःचा कारभार करावा, स्वतःचा खर्च सोसावा आणि धर्माचा प्रसारही स्वतःच करावा, मिशनऱ्यानें पाया घालून पुढें निघून जावें. त्यांच्या भेटीच्याच सुमारास नगरास हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक या दोघां मराठी गृहस्थांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. इंग्लंडांत हेन्री व्हेन हे चर्च मिशनरी सोसायटीचे चिटणीस स्वतंत्रपणें त्याच निष्कर्षावर आले होते आणि पश्चिम आफ्रिकेंतील सिएरा लिओनमध्यें १८६१ सालीं तद्देशीय पाळकांची स्वतंत्र व्यवस्था त्यांनीं अमलांत आणली. कॅथॉलिकांमध्यें दानिएल कोंबोनी या इटालियन पुरोहितानें १८६४ सालीं जी योजना मांडली तिचें सारही हेंच, कीं आफ्रिकेचा उद्धार आफ्रिकेच्याच माणसांकरवीं झाला पाहिजे. थोडक्यांत, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर शहाणीं माणसें तिन्हीकडे एकच गोष्ट सांगत होतीं. सांगणें सोपें होतें. पगारपट बंद करणें कठीण होतें.

त्यांत दुष्काळ आले. १८९६-९७ व १८९९-१९०० या दोन दुष्काळांनीं दख्खन होरपळून काढलें. १९०० सालीं ‘क्विटो’ नांवाची आगबोट अमेरिकेंतील लोकांनीं दिलेला सुमारे दोन लक्ष बुशेल मका घेऊन न्यूयॉर्कहून मुंबईस आली. ‘ख्रिश्चन हेराल्ड’ या साप्ताहिकाच्या वाचकांनीं त्यासाठीं वर्गणी केली होती. अनाथ झालेल्या शेंकडों मुलांना मिशनांनीं पोटाशीं घेतलें. ही मदत झाली नसती तर पुष्कळ जीव गेले असते, याविषयीं शंका नको. परंतु संकटांत दिलेला हात आणि नित्याचा आधार यांमधील सीमा अशा वेळीं पुसली जाते. दुष्काळ जातो, अनाथालय राहतें, मुलें मोठीं होतात, त्यांना नोकरी मिशननेंच द्यावी अशी सर्वांची अपेक्षा होऊन बसते.

या सर्व गुंत्यावर साताऱ्यांत एका मराठी ख्रिस्ती कवीनें स्वतःच्या संसाराची बाजी लावून उत्तर दिलें. नारायण वामन टिळक १८९५ सालीं ख्रिस्ती झाले. त्यानंतर नगरास अमेरिकन मिशनच्या आश्रयानें त्यांनीं वीस वर्षांहून अधिक काळ काम केलें. ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी भागाचे ते संपादक होते. मिशनऱ्यांशीं त्यांचा स्नेह अखेरपर्यंत होता. असें असूनही त्यांच्या मनाला एक सल होता: ज्या मंडळीची भाकरी परदेशांतून येते तिचें भजनही परदेशीय चालीवर होतें, आणि तिच्याकडे पाहणारा हिंदु शेजारी तिला आपली मानीत नाहीं. १९१७ सालीं त्यांनीं मिशनच्या पगारावर पाणी सोडलें, संन्यस्त वृत्ति पत्करली आणि साताऱ्यास येऊन ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, दोघांनाही त्या दरबारांत जागा होती. कीर्तन, अभंग, भजन हीं त्याचीं साधनें होतीं.

टिळकांच्या हातीं पैसा कधींच टिकत नसे, हें ‘स्मृतिचित्रें’ वाचणाऱ्या कोणासही ठाऊक आहे. पगार नाकारणाऱ्याचें कौतुक इतिहास करतो. परंतु पगार नसतां चूल पेटविण्याचें काम लक्ष्मीबाईंच्या वांट्याला आलें, हेंही ध्यानांत ठेविलें पाहिजे. स्वावलंबनाचा खर्च नेहमीं कोणीतरी देतच असतें, आणि पुष्कळदां त्या देणाऱ्याचें नांव वर्गणीच्या यादींत नसतें. दोन वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, ९ मे १९१९ रोजीं, टिळक मुंबईस वारले. दरबाराचें आयुष्य असें अल्प ठरलें. तथापि त्यानें एक गोष्ट सिद्ध केली. त्यांचीं भजनें मराठी ख्रिस्ती घरांत तोंडपाठ झालीं. त्यांसाठीं कोणत्याही बोर्डाच्या मंजुरीची गरज पडली नाहीं. मंडळीला स्वतःचा असा जो ठेवा लाभला, तो पगार सोडलेल्या व न सोडलेल्या दोन्ही काळांतील टिळकांच्या वाणीचा होता. पण तो आपला आहे, मिशनचा नाहीं, अशी जाणीव करून देण्यास साताऱ्याचें तें पाऊल कारण झालें.

आतां कृष्णाकांठीं दक्षिणेकडे वळूं. सांगली-मिरजेच्या मिशनचा उगम कोल्हापुरांतील. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन बोर्डाचे मिशनरी १८५२ सालीं कोल्हापुरास आले. शाळांच्या धोरणावरून त्यांचें बोर्डाशीं पटलें नाहीं व बोर्डानें हात आखडला. तेव्हां ते १८६१ सालीं स्वतंत्रपणें परतले, खासगी देणग्यांवर सुमारें दहा वर्षें त्यांनीं काम रेटलें आणि अखेर तें प्रेसबिटेरियन बोर्डाच्या हवालीं केलें. एका दात्याशीं बिनसलें तर काम कसें अधांतरीं लोंबतें, याचा धडा येथें मिशनऱ्यासच मिळाला! कोल्हापुरांतच १८६३ सालीं जन्मलेला त्यांचा पुत्र रॉबर्ट हा पुढें अमेरिकेंतील विद्यार्थ्यांना परदेशीं सेवेस पाठविणाऱ्या ‘स्टुडंट व्हॉलंटिअर’ चळवळीच्या प्रवर्तकांपैकीं एक झाला. म्हणजे ओघ केवळ तिकडून इकडे वाहत होता असें नाहीं.

या मिशनमध्यें १८८९ सालीं वानलेस दाखल झाले. सोबत पत्नी मेरी, ती स्वतः परिचारिका. आरंभीं त्यांनीं सांगलींत लहानसा दवाखाना थाटला. नंतर मिरज हें ठिकाण रेल्वेच्या दृष्टीनें सोईचें म्हणून तेथें बस्तान हलविलें. १८९४ सालीं इस्पितळाची इमारत उघडली. तिचा जमाखर्च मनोवेधक आहे. जागा मिळाली ती मिरज संस्थानाकडून. इमारतीस पैसा दिला तो फिलाडेल्फिया येथील जॉन कॉन्व्हर्स यांनीं. आगगाडीचीं एंजिनें बनविणाऱ्या प्रसिद्ध बाल्डविन कारखान्याचे हे मालक-भागीदार. मिशनरी डॉक्टरांचा पगार येई तो न्यूयॉर्कच्या बोर्डाकडून. आणि रोजचा खर्च, म्हणजे औषधें, चादरी, नोकरचाकर, गरिबांचें दूध-कांजी, हा मुख्यतः कोठून निघे? तर रोग्यांच्या फीमधून व बऱ्या झालेल्यांच्या देणग्यांतून. वानलेस यांच्या शस्त्रक्रियेची कीर्ति पसरली तशी दूरदूरच्या मुलखांतून माणसें मिरजेस उतरूं लागलीं. संस्थानिक, सावकार, वकील यांच्याकडून योग्य ती फी घ्यावयाची, आणि जो गाडीभाडें उसनें काढून आला आहे त्याच्या डोळ्यांतील मोतीबिंदु फुकट काढावयाचा, असा तो हिशेब होता. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींशीं डॉक्टरांचा स्नेह होता. कोल्हापुरांतील मिशन इस्पितळाला मेरी वानलेस यांचें नांव मिळालें.

या व्यवस्थेंत एक मोठें शहाणपण दडलेलें होतें. परदेशीय पैसा भिंतींत गेला, पण चुलींत जळला तो बहुतांशीं देशी पैसा. शिवाय वानलेस यांनीं तरुणांना वैद्यकी व मुलींना परिचर्या शिकविली. हे शिष्य ठिकठिकाणीं दवाखाने घालून स्वतःच्या पायांवर उभे राहिले, आणि मंडळीला प्रथमच असा वर्ग मिळाला कीं जो मिशनकडून घेण्याऐवजीं मंडळीस देऊं शकत होता. सांगलीच्या मिशन शाळेंत शेती व हातकाम शिकविण्याचा जो प्रयत्न झाला, त्याचाही रोख हाच होता. तेथें काम केलेले जॉन गोहीन हे पुढें इचलकरंजी संस्थानाचे कारभारी झाले, इतका त्या कामाविषयीं बाहेर विश्वास होता. वानलेस यांस १९२८ सालीं ‘सर’ ही पदवी मिळाली. त्याच सालीं ते निवृत्त होऊन अमेरिकेस गेले आणि १९३३ सालीं तेथेंच वारले.

त्यांच्या निवृत्तीनंतर वर्ष उलटतें न उलटतें तोंच, १९२९ सालीं, अमेरिकेंत मंदी कोसळली. तेथील कारखाने थंडावले तसे देवळांतले पेटारेही हलके झाले, आणि बोर्डांना परदेशांतील खर्चास कात्री लावावी लागली. न्यूयॉर्कच्या सराफकट्ट्यावरील धडपडीनें कृष्णाकांठच्या शाळामास्तराच्या ताटांतली भाकरी लहान व्हावी, हें त्या मास्तराला समजावून सांगणार कोण? दूरच्या दानाचा हाच मोठा दोष आहे. देणारा दुष्ट नसतो. तो फक्त दूर असतो. त्याच्या घरीं आलेली आपत्ति घेणाऱ्याला आगाऊ दिसत नाहीं, आणि घेणाऱ्याची निकड देणाऱ्याला वेळेवर कळत नाहीं.

साताऱ्याच्याच भूमींत त्या सुमारास एक दुसरा प्रयोग चालला होता. त्याचा उल्लेख केल्यावांचून हा विषय अपुरा राहील. भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं कऱ्हाड तालुक्यांतील काले येथें रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ सालीं साताऱ्यांत सर्व जातींच्या मुलांसाठीं वसतिगृह काढलें. मुलांना जेवूं घालण्यासाठीं पत्नी लक्ष्मीबाईंनीं अंगावरचे दागिने दिले, शेवटीं मंगळसूत्रही. आणि खेडोपाडीं घराघरांतून मूठ मूठ धान्य बाजूला काढण्याची प्रथा पडली. तो ‘मुष्टिफंड’. लिओंचा सू आणि सातारकडच्या जोंधळ्याची मूठ हीं दोन्ही सख्खीं भावंडें. फरक एवढाच कीं, येथील मूठ देणाऱ्या माउलीचा पोरगा त्याच वसतिगृहांत जेवत होता. दान आणि त्याचें फळ यांत समुद्र नव्हता. रयतेचें झाड एवढें विस्तारलें, त्याचें एक कारण हें आहे.

स्वातंत्र्यानंतर मिशनऱ्यांची संख्या घटत गेली. १९७० सालीं नागपूर येथें निरनिराळ्या प्रॉटेस्टंट पंथांचें मिळून उत्तर भारत चर्च स्थापन झालें आणि जुन्या मिशनांच्या पुष्कळ मंडळ्या, मंदिरें व मिळकती त्याच्या छत्राखालीं आल्या. मिरजेंत १९६२ सालीं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघालें, त्यास या जुन्या इस्पितळाचा आधार झाला. परदेशीय देणग्यांवर सरकारची देखरेखही वाढत गेली: १९७६ सालीं त्यासंबंधीं कायदा झाला, २०१० सालीं नवा आला, आणि २०२० च्या दुरुस्तीनें असा पैसा प्रथम दिल्लींतील स्टेट बँकेच्या ठराविक शाखेंतील खात्यांतच उतरावा असें ठरलें. एकीकडे ओघ आटला, दुसरीकडे त्याला बांध पडले. ज्या मिरजेच्या इस्पितळानें एके काळीं स्वतःच्या कमाईवर गरिबांस जगविलें, त्यालाही एकविसाव्या शतकांत पैशाच्या ओढाताणीचे दिवस पाहावे लागले. जुन्या काळची श्रीमंत रोग्यांची रांग आतां जागोजागच्या नव्या रुग्णालयांत विभागली आहे. म्हणजे देशी उत्पन्न हेंही कांहीं ताम्रपटावर कोरून मिळत नाहीं. तें प्रत्येक पिढीला नव्यानें मिळवावें लागतें.

आफ्रिकेंतील चित्रही याहून फार निराळें नाहीं. युगांडामध्यें कॅथॉलिक ‘श्वेत पाद्री’ १८७९ सालीं आले. साठ वर्षांनीं, १९३९ सालीं, तेथील जोसेफ किवानुका यांस बिशपपद मिळालें. अर्वाचीन काळांत एका धर्मप्रांताची धुरा आफ्रिकी माणसाकडे येण्याचा हा आरंभ होता. आज युरोपांतील कित्येक देवळांत पुरोहितांची वाण पडली असतां आफ्रिकेंतून व भारतांतून गेलेले पुरोहित तेथें उपासना चालवितात. एके काळीं पैसा इकडे आला. आतां माणसें तिकडे जात आहेत. परंतु मंदिर, शाळा व दवाखाना बांधण्यासाठीं आफ्रिकेंतील अनेक धर्मप्रांतांना अद्याप रोमच्या मंडळाकडे पाहावें लागतें. तेथील विचारी लोकही आपल्या भाविकांस हेंच विनवीत असतात कीं, थोडें द्या, पण तुम्हींच द्या. हा विचार व्हेन व अँडरसन यांचाच. आतां तो घेणाऱ्यांच्या तोंडून येत आहे, एवढाच फरक, आणि हा फरक मोठा आहे.

मग दूरचें दान घेऊंच नये काय? असा निष्कर्ष काढणें कृतघ्नपणाचें होईल. क्विटो बोटीवरील मका परत पाठवावा, असें उपाशी माणसाला कोण सांगेल? मिरजेच्या भिंती कॉन्व्हर्स यांच्या पैशावांचून त्या काळीं उभ्या राहिल्या नसत्या. सातारा-सांगलीच्या इतिहासावरून इतकेंच म्हणतां येतें कीं, बाहेरचा पैसा पाया घालण्यास व आपत्तींतून तारण्यास उत्तम. पण रोजच्या चुलीला व पाळकाच्या पोटाला तो लावला कीं मंडळीचें मंडळीपण हरवूं लागतें. ज्याचा पैसा त्याचा निर्णय, हा व्यवहाराचा नियम धर्मकार्यांतही सुटत नाहीं. हा नियम केवळ ख्रिस्ती मंडळ्यांपुरता नाहीं. आपल्या वाचनालयांना, पाठशाळांना, अनाथाश्रमांना, परदेशस्थ आप्तांच्या देणग्यांवर जीर्णोद्धार होणाऱ्या ग्रामदैवतांनाही तो तितकाच लागू आहे.

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत सुगी झाली कीं उपकारस्तुतीचा दिवस पाळतात. कोणी पायलीभर जोंधळे आणतो, कोणी भोपळा, कोणी कोंबडी, कोणी परसांतील चार लिंबें. उपासनेनंतर त्या जिनसांचा तेथल्या तेथें लिलाव होतो. चार लिंबांना बाजारभावाच्या दसपट किंमत येते, कारण घेणाराही देण्यासाठींच बोली वाढवीत असतो. एकानें घेतलेला भोपळा तो पुन्हां दान करतो आणि त्याचा पुन्हां लिलाव होतो. बोस्टनच्या किंवा न्यूयॉर्कच्या थैलीच्या मानानें त्या दिवशींची जमा अगदीं अल्प. परंतु ती कोणीं दिली, किती दिली आणि कशाला लागणार, हें मंदिरांत बसलेल्या लहान पोरालाही ठाऊक असतें.